इंजिनाला सील, मानेला पट्टा

अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलमला राहायला आलो त्या उन्हाळ्यात शेजाऱ्याने पहिल्यांदा बोमन ग्रे स्टेडियमला नेलं. फुटबॉलच्या मैदानाभोवती पाव मैलाचा सपाट डांबरी ट्रॅक, जेमतेम चारशे मीटर. १९४९पासून इथे नॅस्कारच्या, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या मोटार शर्यत संघटनेच्या, साप्ताहिक शर्यती चालतात. हजारो लोक, तळलेल्या पदार्थांचा वास आणि कानठळ्या. हरणाऱ्याची हुर्यो उडवण्यात इथली पब्लिक आपल्या बैलगाडा घाटातल्या पब्लिकच्या वरताण.

शेजारी स्वतःही गाडी पळवतो, पण तासाभरावरच्या एका लहान ट्रॅकवर, स्ट्रीट स्टॉक, म्हणजे रस्त्यावरच्या साध्या गाड्यांवर बेतलेल्या गाड्यांच्या वर्गात. आठवडाभर एसी दुरुस्त करायचे आणि शनिवारी रेस. हळूहळू मी त्याचा बिनपगारी हेल्पर झालो. टायरमधली हवा बघणं, पाना हातात देणं, एवढंच.

सगळ्यात जास्त भांडणं इंजिनावरून. हौशी शर्यतीत पैसेवाला दर महिन्याला नवं इंजिन बांधून बाकीच्यांना रडवू शकतो, म्हणून नियम. एक उपाय म्हणजे क्रेट इंजिन: कारखान्यातून तयार, पेटीबंद येणारं. शेजाऱ्याचं शेवरलेचं ६०२ आहे, ३५० घनइंची, साधारण ३५० अश्वशक्तीचं. त्याच्या काही बोल्टवर कंपनीचं सील असतं. हे बोल्ट खोलले की इंजिन बाद. रेस संपली की तपासनीस टॉर्च घेऊन आधी तीच सीलं बघतो.

दुसरा उपाय मला फारच आवडला. काही वर्गांत जिंकणाऱ्याचं इंजिन दुसऱ्या स्पर्धकाला ठरलेल्या किमतीत विकत मागता येतं, आणि नाही म्हणायची सोय नसते. मग दुप्पट खर्च करून इंजिन कोण बांधेल? अशी अक्कल आपल्या टेंडरवाल्यांना सुचली असती तर!

माझ्या मते इंजिनाचे नियम जेवढ्या हिरिरीने पाळले जातात, तेवढे माणसाच्या सुरक्षेचे पाळले जात नाहीत. डेल अर्नहार्ट इथून तासाभरावरच्या कॅनापोलिसचा, नॅस्कारच्या मुख्य मालिकेचा सात वेळचा अजिंक्यवीर. १८ फेब्रुवारी २००१ला फ्लोरिडातल्या डेटोना शर्यतीच्या शेवटच्या फेरीत भिंतीवर आदळून गेला. अशा धडकेत सीटबेल्टचे पट्टे धडाला धरून ठेवतात, डोकं मात्र पुढे फेकलं जातं आणि कवटीचा तळ तडकतो. डोकं आवरणारं हान्स नावाचं साधन तेव्हा बाजारात होतं. बायोमेकॅनिक्सचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचा रेसर मेहुणा जिम डाउनिंग यांनी ते ऐंशीच्या दशकातच बनवलं होतं. खांद्यावर बसणारी कॉलर, तिला हेल्मेटपासून दोन छोटे पट्टे. अर्नहार्टने ते घातलं नव्हतं. त्याच ऑक्टोबरात नॅस्कारने मानेचं संरक्षण सक्तीचं केलं. लहान ट्रॅकवरच्या हौशी मंडळींना मात्र ते अजूनही 'महाग आणि अडचणीचं' वाटतं.

शेजाऱ्याकडे हान्स होतं. अडला तो सीटबेल्टवर. या पट्ट्यांवर तारखेचं लेबल असतं, दोन वर्षांनी बदलायचे. एका शनिवारी तपासनिसाने लेबल अंगठ्याने सपाट करून वाचलं आणि गाडी बाजूला काढली. पट्टे दिसायला नवेकोरे होते. शेजारी चिडला, "मागच्या महिन्यात कार्ब्युरेटरला एवढे पैसे ओतले, आता हे?" तपासनीस शांतपणे म्हणाला, "कार्ब्युरेटर काढून बांध अंगाला."

त्या रात्री आम्ही कठड्याला टेकून रेस बघत होतो. तिसऱ्या वळणावर निळी गाडी भिंतीला घासत आडवी झाली. गाडीच्या खिडकीला जाळी असते. चालकाने ती खाली टाकली की समजायचं, माणूस ठीक आहे. आम्ही सगळे त्या जाळीकडे बघत राहिलो. शेजाऱ्याने हातातला कोकचा ग्लास न पिताच कठड्यावर ठेवला. जाळी पडली तेव्हा त्याने फक्त नाकातून श्वास सोडला.

सोमवारी त्याने नवे पट्टे मागवले. जुन्यांनी हल्ली तो ट्रेलरवर गवत कापायचं मशीन बांधतो.