किसिमीचं घर, गारखेड्यातून

माझ्या धाकट्या दिरांचं फ्लोरिडात किसिमीला एक घर आहे. पाच बेडरूम, मागच्या अंगाला जाळीबंद स्विमिंग पूल, आणि डिस्ने वर्ल्ड गाडीनं जवळ. भावजी आणि जाऊबाई स्वतः टॅम्पाला राहतात. हे घर सुट्टीला येणाऱ्या कुटुंबांना भाड्यानं देतात. त्याची जाहिरात, फोटो, चौकशांना उत्तरं, कोणत्या आठवड्याला काय भाव ठेवायचा, हे सगळं मी इथून, छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यातून बघते. लग्नाकार्यात भेटेल तो विचारतो, इतक्या लांबून हे जमतं कसं? अलीकडं वेरूळ-खुलताबादकडं होमस्टे काढलेल्या ओळखीच्या बायकाही विचारायला लागल्यात. म्हणून जरा बैजवार लिहिते.

लांब असण्याचा मला फायदाच होतो. उन्हाळ्यात तिकडची घड्याळं आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागं असतात. पाहुणे दिवसभर पार्कात हिंडून रात्री दहाला घरी येतात, तेव्हाच त्यांना प्रश्न सुचतात. वॉशिंग मशीनचा साबण कुठाय, पूलचा दिवा कसा लावायचा, उद्या कचऱ्याची गाडी येणार का. तेव्हा इकडं सकाळचे साडेसात वाजलेले असतात, माझ्या हातात चहाचा कप असतो आणि मी लगेच उत्तर देते. तिकडच्या होस्टला त्यासाठी झोपेतून उठावं लागतं. घरं भाड्यानं देण्याच्या एअरबीएनबी या साइटवर ‘सुपरहोस्ट’, म्हणजे चांगल्या यजमानाचा दर्जा, टिकवायचा तर नव्वद टक्के चौकशांना चोवीस तासांच्या आत उत्तर जावं लागतं आणि रेटिंग ४.८ च्या खाली उतरून चालत नाही. यातलं उत्तरांचं काम या घड्याळामुळं सोपं झालंय. चेक-इन मात्र तिकडच्या दुपारी चारचं, म्हणजे आपल्या रात्री दीडचं. म्हणून दाराचा कोड, वायफायचा पासवर्ड आणि कॉलनीच्या गेटवर काय सांगायचं, ते सगळं एका मेसेजमध्ये आदल्या दिवशीच पाठवते.

घर आधी ज्या कंपनीकडं होतं, तिनं जाहिरातीत लिहिलं होतं, ‘डिस्नेपासून काही मिनिटांवर’. त्या भागातल्या हजारो घरांच्या जाहिरातीत हेच वाक्य आहे. पण डिस्ने वर्ल्ड म्हणजे एक फाटक नव्हे. १९७१ साली मॅजिक किंग्डम सुरू झालं, १९८२ ला एपकॉट, १९८९ ला आज ज्याला हॉलिवूड स्टुडिओज म्हणतात ते, आणि १९९८ ला अ‍ॅनिमल किंग्डम. चारही पार्क एकमेकांपासून लांब आहेत आणि सगळी मिळून जागा शंभर चौरस किलोमीटरच्या आसपास भरते. आमचं घर १९२ नंबरच्या हायवेच्या पश्चिम अंगाला आहे, त्यामुळं अ‍ॅनिमल किंग्डम खरोखर जवळ. मॅजिक किंग्डमचं तसं नाही. तिथं गाडी लावली तरी आपण पार्कात पोचलेलो नसतो. पार्किंगनंतर आधी सामानाची तपासणी, मग मोनोरेल नाहीतर बोट पकडून तळ्यापलीकडं जावं लागतं, मग फाटक. सोबत आजी आणि बाबागाडी असली की घराच्या दारापासून पार्कातला किल्ला दिसेपर्यंत एक तास धरावा. मी लिस्टिंगमध्ये, म्हणजे साइटवरच्या जाहिरातीत, हे असंच लिहिलंय, प्रत्येक पार्कसाठी वेगळं. गाडीचा वेळ वेगळा, पार्किंगपासून फाटकापर्यंतचा वेगळा.

भावजी म्हणाले, “वहिनी, इतकं खरं लिहिलं तर लोक पुढच्या घराकडं जातील.” मला तसं वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. लग्नाआधीपासून मी पैठण गेटजवळ एका ट्रॅव्हल एजन्सीच्या काउंटरवर बसत होते. वेरूळ मंगळवारी बंद असतं आणि अजिंठा सोमवारी. येणाऱ्या माणसाला हे गाडीचा भाव सांगायच्या आधी सांगायचं, ही माझी तेव्हापासूनची सवय. रविवारी रात्री शहरात उतरून सोमवारी अजिंठ्याला निघालेल्या कुटुंबाची, शंभरेक किलोमीटर जाऊन कुलूप बघणाऱ्या लेकरांची तोंडं ज्यानं पाहिलीत, त्याला हे वेगळं समजावावं लागत नाही. अडचण आधी सांगितली की माणूस बाकीच्या गोष्टींवर विश्वास ठेवतो आणि पुढच्या वेळी चुलत्यालाही तुमच्याकडंच पाठवतो.

मग अशा घरात विकायचं काय? माझं उत्तर आहे, दुपार. जाऊबाईंच्या बाळंतपणाला मी गेले होते, तेव्हा आम्ही सगळे त्या घरात राहिलो, आणि तेव्हाच हे माझ्या डोक्यात बसलं. फ्लोरिडात उन्हाळ्यात जवळपास रोज दुपारी ढग दाटून येतात, विजा चमकतात आणि पार्कातले उघड्यावरचे पाळणे बंद होतात. सकाळपासून रांगेत उभी राहिलेली पोरं तोपर्यंत रडकुंडीला आलेली, म्हाताऱ्या माणसांचे पाय सुजलेले. त्या वेळी घरी यायचं, वरणभात खायचा, पडदे ओढून तास-दोन तास पडायचं आणि उतरत्या उन्हात पुन्हा निघायचं. तिकीट दिवसभराचं असतं, त्याच पार्कात परत जाता येतं. हॉटेलच्या एका खोलीत हे साधत नाही, कारण एक झोपला की बाकीच्यांनी अंधारात बसायचं. आमच्या लिस्टिंगचा पहिलाच परिच्छेद या दुपारवर आहे. कोणत्या दिवशी दुपारी घरी या, तेही सांगितलंय. अ‍ॅनिमल किंग्डम आणि एपकॉटच्या दिवशी जरूर या, तिथं पार्किंग फाटकासमोर आहे. मॅजिक किंग्डमच्या दिवशी येऊ नका, जाण्या-येण्यातच दुपार संपेल.

जे आमच्याकडं नाही तेही वर लिहिलंय. डिस्नेच्या स्वतःच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना पार्कात अर्धा तास आधी सोडतात, बस फुकट असते, पार्कातल्या पार्किंगचे पैसे पडत नाहीत. आमच्या घराला यातलं काही नाही, आणि गाडी भाड्यानं घ्यावीच लागते. चौघांचं कुटुंब असेल आणि सगळा वेळ पार्कातच घालवायचा असेल, तर मी त्यांना सरळ हॉटेल सुचवते. हे घर आठ-दहा जणांचं आहे.

ते आठ-दहा जण कोण असतात, हे आपल्या लोकांना सांगायला नको. मुलगा-सून न्यू जर्सीला किंवा डॅलसला, नातवंडं शाळेत, आणि लातूर-नांदेडहून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आलेले. त्यांना अमेरिका दाखवायची म्हणजे डिस्ने आलंच. सोबत मुलीकडचेही आई-बाबा असले तर दोन गाड्या. या कुटुंबाला बघायचा असतो तो स्वयंपाकघराचा खण.

म्हणून आमच्या फोटोंत एक फोटो फक्त त्या खणाचा आहे. जाऊबाईंकडून तो मी पाच-सहा वेळा काढून घेतला, मनासारखा येईपर्यंत. डाव्या कोपऱ्यात पाच लिटरचा कुकर, त्याची शिट्टी शेजारी ठेवलेली. पोळपाट उभा, लाटणं आडवं. मिसळणाचा डबा झाकण काढून, सातही वाट्या भरलेल्या, हळदीची पुढं. त्याच्यामागं सांडशी. आणि तवा, सपाट बुडाचा, कारण तिकडं काचेच्या गुळगुळीत इलेक्ट्रिक शेगड्या असतात आणि आपला खोलगट तवा त्यावर तापत नाही. फोटोखाली एक ओळ लिहिलीय: फोडणी देताना पंखा पूर्ण वेगात ठेवा आणि मागचं सरकतं दार उघडा, नाहीतर धुराचा अलार्म वाजतो. तो फोटो लावल्यापासून आपल्या लोकांच्या चौकशा वाढल्या. आणि आधी विचारायचे ते ‘पोळ्या करता येतील का’, ‘कुकर आणायचा का’ हे प्रश्न बंद झाले.

दुसरा मोलाचा फोटो खालच्या मजल्यावरच्या बेडरूमचा. पलंगापासून बाथरूमच्या दारापर्यंत मधे पायरी नाही, हे दिसेल असा कोन धरलाय. बाथरूममध्ये धरायला दांडा बसवला आणि कमोडला जेट. जेटचा खर्च अगदी किरकोळ, पण आपल्याकडच्या ज्येष्ठांना त्यानं केवढं मोकळं वाटतं, हे मला बायका फोनवर आवर्जून सांगतात.

पूलचा फोटो मात्र सगळ्यांत पुढं, कारण शोधणारे तोच बघतात. माझ्या सासूबाईंनी तो पहिल्यांदा मोबाइलवर बघितला तेव्हा त्या गप्पच झाल्या. आमच्याकडं नळ कधी येईल त्याची वाट बघत टाक्या भरून ठेवायच्या. “एवढं पाणी नुसतं पोहायला ठेवायलेत का?” असं त्यांनी विचारलं. मला ते लागलं, आणि त्यानंतर पूलबद्दल लिहिताना मी नीट लिहिते. कुंपण किती उंच, मागचं दार उघडलं की अलार्म कसा वाजतो, विजा चमकत असताना पाण्यात का उतरायचं नाही. फ्लोरिडात घरच्या पूलला अशी सुरक्षा २००० सालच्या कायद्यापासून आलीय, पण पाळण्यातलं लेकरू घेऊन येणाऱ्या आईला कायदा सांगून भागत नाही, तिला कुंपणाची कडी दाखवावी लागते. तो फोटोही आहे. आणि डिसेंबर-जानेवारीत पाणी गार असतं, तापवायचे पैसे वेगळे पडतात, हे भावाच्या शेजारीच दिलंय.

पोरांच्या खोलीवरून आमच्या घरात बरीच चर्चा झाली. त्या भागात घरोघरी भिंतीवर कार्टूनमधली पात्रं रंगवलेली असतात. मला ते पटलं नाही. ती चित्रं कंपनीच्या मालकीची आहेत, आपण त्यांच्यावर धंदा करू नये, घराच्या नावातही ती नावं वापरू नयेत. आम्ही खोली रॉकेटची केली. केप कॅनाव्हरलचा रॉकेट उडवायचा तळ तिथून पूर्वेला गाडीनं साधारण सव्वा-दीड तासावर आहे. आभाळ स्वच्छ असलं की उडालेलं रॉकेट मागच्या अंगणातून दिसतं, रात्री तर केशरी ठिपका वर चढताना स्पष्ट दिसतो. पाहुणे असताना उड्डाण ठरलेलं असेल तर मी त्यांना वेळ कळवते. डिस्नेच्या तिकिटाला इतके पैसे मोजून आलेली पोरं त्या फुकटच्या रॉकेटबद्दल रिव्ह्यूत लिहायला लावतात, याचा मला फार आनंद होतो.

भावाचं गणित शाळांच्या सुट्ट्यांवर चालतं. नाताळ ते नववर्ष, मार्च-एप्रिलची वसंताची सुट्टी, नोव्हेंबरातला थँक्सगिव्हिंगचा आठवडा, यात घर रिकामं राहत नाही. ऑगस्टच्या मध्याला फ्लोरिडातल्या शाळा भरतात आणि सप्टेंबर ओस पडतो. वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्याचीही धास्ती असते. त्या महिन्यात मी भाव उतरवते आणि वादळाचा इशारा आला तर पैसे परत, असं स्पष्ट लिहिते. सप्टेंबरात येतात ते शाळेआधीची लेकरं असलेले आणि नातवंडांसोबत आलेले आजी-आजोबा. रांगा कमी असतात, त्यांना तेच हवं असतं.

पैशांबद्दल एवढंच सांगते की भाव कमी दाखवून क्लीनिंग फी नंतर लावायचा प्रकार मी पहिल्यापासून केला नाही. मे २०२५ पासून अमेरिकेत नियमच झालाय की सक्तीचे सगळे खर्च धरून एकच रक्कम दाखवायची. कर त्यावर वेगळा. किसिमी ज्या ऑसिओला काउंटीत, म्हणजे जिल्ह्यात, येतं तिथं तो सगळा मिळून साडेतेरा टक्के होतो, आणि दहा जणांच्या कुटुंबाला हा आकडा आधी कळलेला बरा, म्हणून मी चौकशीच्या पहिल्याच उत्तरात सांगते.

मे २०२५ मध्येच युनिव्हर्सल या डिस्नेच्या स्पर्धक कंपनीचं एपिक युनिव्हर्स हे नवं पार्क उघडलं, आणि भावजींचा आग्रह सुरू झाला की ते नाव सगळ्यांत वर टाका. मी खाली टाकलं. ते ऑरलँडो शहराच्या बाजूला आहे, आय-फोर हायवेवर संध्याकाळी गाड्या मुंगीच्या पावलानं सरकतात, आणि तिथून दुपारी घरी येऊन परत जाणं होत नाही. ज्यांना फक्त युनिव्हर्सल बघायचंय त्यांनी त्या अंगाला घर घ्यावं. तीन दिवस डिस्ने आणि एक दिवस युनिव्हर्सल असा बेत असेल तर आमचं घर बरोबर पडतं, असं लिहिलंय.

आता आमची ओढाताण चाललीय ती २०२६ च्या दिवाळीवरून. लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला आहे. न्यू जर्सीत नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षकांच्या अधिवेशनामुळं शाळांना सुट्टी असते आणि तिकडची कुटुंबं दरवर्षी त्या दिवसांत ऑरलँडोला उतरतात. यंदा दिवाळी नेमकी त्याला लागून आलीय. मी जाऊबाईंना सांगितलंय की एक पाट, समई आणि बॅटरीवरच्या पणत्या घरात आणून ठेवा, आणि दारापुढं रांगोळी चालेल का ते कॉलनीच्या कमिटीला आत्ताच विचारा. भावजींचं म्हणणं, मागणी असेल तर त्या आठवड्याचा भाव नाताळाएवढा लावा. माझं म्हणणं, पाच रात्रींची अट ठेवू पण भाव साध्या नोव्हेंबरचाच राहू द्या. दिवाळीला आई-बाबांना घेऊन आलेलं कुटुंब समाधानानं गेलं, तर पुढच्या उन्हाळ्याचं बुकिंग तेच करतं. रविवारी व्हिडिओ कॉलवर हे ठरेल. जाऊबाई माझ्या बाजूनं आहेत.