टेराचे पुनर्वाचन: घरभेदी पात्रांच्या वाचनातील एक टप्पा

सुपरहिरो कॉमिक्समधील हेर आणि घरभेदी पात्रे क्रमाने वाचण्याचा जो उपक्रम हाती घेतला आहे, त्यातील टेराचा, म्हणजे टीन टायटन्स या तरुण सुपरहिरोंच्या संघात शिरलेल्या किशोरवयीन हेराचा, टप्पा नुकताच पूर्ण झाला. ‘न्यू टीन टायटन्स’च्या २६व्या अंकापासून (डिसेंबर १९८२) १९८४च्या तिसऱ्या वार्षिक अंकापर्यंतचे सारे अंक प्रकाशनक्रमाने वाचले आणि ती जिथे जिथे दिसते त्या चौकटींची टिपणे काढली. ‘जूडस काँट्रॅक्ट’ या नावाच्या शेवटच्या चार भागांपासूनच सुरुवात करणाऱ्याला या कथेचे निम्मे बळ कळत नाही, असे माझे मत आता पक्के झाले आहे.

लेखक मार्व वुल्फमन आणि चित्रकार जॉर्ज पेरेझ यांनी गुपित राखण्यापेक्षा ते फोडण्याची वेळ अधिक विचाराने निवडली आहे. टेरा ही डेथस्ट्रोक या भाडोत्री मारेकऱ्याची (खरे नाव स्लेड) हस्तक असल्याचे ऑगस्ट १९८३च्या ३४व्या अंकात वाचकाला समजते, टायटन्सना मात्र ते कळायला पुढचे वर्ष उजाडावे लागते. चेंजलिंग या टायटन्समधल्या सहकाऱ्यावर ती खेकसते तेव्हा आधी जो लाडिक तुसडेपणा वाटतो, तोच ३४व्या अंकानंतर निखळ तिरस्कार म्हणून वाचावा लागतो. पेरेझ यांनी तिला फार देखणी न रेखाटता किंचित पुढे आलेल्या दातांची, अल्लड मुलगी केले, त्यामुळे तिच्यावर संशय घेणे वाचकाला जड जाते.

टिपणे एकत्र वाचताना लक्षात आले ते असे, की दुभंगलेली निष्ठा टेराच्या ठायी नाहीच. ती तिच्याभोवतीच्या माणसांत आहे. बॅटमन की टायटन्स या ओढाताणीत बॅटमनचा साथीदार आणि टायटन्सचा नेता डिक ग्रेसन ३९व्या अंकात रॉबिनचा वेश उतरवतो आणि ४४व्या अंकात नाइटविंग होतो. डेथस्ट्रोक मृत मुलाने, ग्रँटने, अर्धवट सोडलेले टायटन्सविरुद्धचे कंत्राट पुरे करू पाहतो, तर त्याचा दुसरा मुलगा जोसेफ टायटन्सच्या बाजूने उभा राहतो. टेरा मात्र अखेरपर्यंत डळमळत नाही, आणि तरीही तिचे मन द्रवेल म्हणून आपण पान उलटत राहतो. (स्लेडसारख्या प्रौढ माणसाचे या अल्पवयीन मुलीशी असलेले नाते आज अत्यंत खटकते, आणि कथा त्याचा पुरेसा जाब त्याला विचारत नाही.) तिच्या मृत्यूनंतर टायटन्स तिला वीरांगनेचा निरोप देतात आणि तिच्या भावापासून, जिओ-फोर्सपासून, सत्य लपवतात, हेरगिरीचे खोटे असे आता नायकांच्याच पदरी येते.

पुढचा टप्पा मार्व्हल कॉमिक्समधल्या ब्लॅक विडोचा. एप्रिल १९६४च्या ‘टेल्स ऑफ सस्पेन्स’च्या ५२व्या अंकात सोव्हिएत हेर म्हणून आयर्न मॅनविरुद्ध आलेली ही बाई ५७व्या अंकात हॉकआय या धनुर्धराला आपल्या बाजूला ओढते. तिच्या पक्षबदलाची तयारी लेखक किती आधीपासून करतात, हे तपासण्यासाठी टिपणांची हीच पद्धत वापरणार आहे.