अकरा राज्यं, सहा मुक्काम

डिस्पॅचरचा, म्हणजे आम्हा ट्रक ड्रायव्हरांना फेऱ्या ठरवून देणाऱ्याचा, फोन आला तेव्हा मी चौतीस तासांच्या सुट्टीवर होतो. अमेरिकेत आठ दिवसांत सत्तर तास काम भरलं की पुढे गाडी चालवता येत नाही. सलग ३४ तास विश्रांती घेतली की हिशेब पुन्हा शून्यावर येतो. लोड बदामांचा होता. बुधवारी सकाळी सॅक्रामेंटोजवळ भरायचा आणि न्यू जर्सीत उतरवायचा. "रविवारी रात्री पोचशील ना?" त्याने विचारलं.

मी हो म्हटलं नाही, आधी वही काढली. आय-८० या एकाच महामार्गाने जायचं, अंतर साधारण २,८०० मैल. दिवसाला जास्तीत जास्त अकरा तास चालवता येतं आणि तेही कामाला लागल्यापासून चौदा तासांच्या आत. आठ तास चालवून झाले की निदान अर्धा तास थांबायचं आणि दिवस संपला की सलग दहा तास सुट्टी. घाट, रस्त्याची कामं, डिझेल धरून दिवसाला साडेपाचशे मैल झाले तरी पुष्कळ. रविवारचा आकडा कागदावर जेमतेम बसत होता, पण वाटेत नोव्हेंबरातलं वायोमिंग होतं. मी मंगळवारी सकाळी सातची वेळ मागितली. तो कुरकुरला, अर्ध्या तासाने त्याचा फोन आला, वेळ मिळाली होती.

मग मुक्काम ठरवायला बसलो. मी प्रवास आखतो तो नेहमी याच क्रमाने: आधी झोपायची जागा, मग मैल. संध्याकाळी सहानंतर ट्रक स्टॉप भरून जातात आणि ज्याचे तास संपलेत त्याला पुढे जाता येत नाही. २००९ साली साउथ कॅरोलायनात एक ड्रायव्हर माल उतरवायच्या वेळेआधी पोचला, जागा नव्हती म्हणून एका बंद पेट्रोल पंपावर थांबला आणि तिथे लुटारूने त्याला गोळी घातली. त्याच्या नावाने २०१२ साली ट्रकना थांबायला सुरक्षित जागा वाढवण्यासाठीचा कायदा, जेसन्स लॉ, आला. नकाशावर मुक्कामाची खूण करताना मला तो आठवतोच. म्हणूनच न्यू जर्सीच्या गोदामालाही आधी फोन करून रात्री आवारात थांबू देतील का ते विचारून घेतलं. देतो म्हणाले.

बुधवारी लोड भरून झाला आणि मी तडक काट्यावर गेलो. पुढच्या चाकांवर ११,८०० पौंड, ट्रॅक्टरच्या (ट्रकचा पुढचा, इंजिनाचा भाग) मागच्या आसांच्या जोडीवर ३४,६०० आणि ट्रेलरच्या जोडीवर ३२,७००. एकूण ७९,१००, म्हणजे ८०,००० च्या मर्यादेत. पण कुठल्याही जोडीवर ३४,००० च्या वर चालत नाही, आणि ट्रॅक्टरची जोडी ६०० पौंडांनी जड होती. असं निघालो असतो तर पहिल्याच वजनकाट्यावर अडकलो असतो.

उपाय हाताशीच असतो. ट्रेलरची चाकं पुढे सरकवली की भार ट्रॅक्टरवरून त्यांच्यावर उतरतो. ट्रेलरचे ब्रेक लावायचे, खालचा दांडा ओढून पिना सोडवायच्या आणि ट्रॅक्टर हळूच मागे घ्यायचा. माझी उजवीकडची एक पिन गंजून घट्ट बसली होती. चिखलात गुडघे टेकून दोन हातोडे घातले तेव्हा ती "टक" करून आत गेली. चाकं पिनांच्या तीन भोकांइतकी पुढे सरकवली, पिना पुन्हा बसल्या की नाही ते टॉर्च मारून पाहिलं, पुन्हा काट्यावर गेलो. ३३,८५० आणि ३३,४५०. चौदापैकी चार तास इथेच गेले होते, पण मन शांत झालं.

डोनर पासचा चढ मोठा आहे, ७,२३९ फुटांपर्यंत. त्या दिवशी बर्फ नव्हतं, चाकांना बांधायच्या साखळ्या पेटीतच राहिल्या. रात्री नेवाडातलं एल्को गाठलं.

दुसऱ्या दिवशी वायोमिंगमधल्या लॅरमीपर्यंत जायचा विचार होता. पहाटे हवामान पाहिलं तर रात्री एल्क माउंटनजवळ ताशी साठ मैलांच्या वर वारा आणि बर्फ. रस्त्यात अचानक हवा बिघडली तर नियम दोन तास वाढवून देतो, पण निघण्याआधीच माहीत असलेल्या वादळाला ती सवलत नाही. नव्या ड्रायव्हरांचा इथेच गोंधळ होतो, म्हणून मुद्दाम लिहितोय. मी दुपारीच रॉक स्प्रिंग्जला थांबलो. चालवायचे तीन-चार तास शिल्लक होते, डिस्पॅचरचे दोन मेसेज येऊन पडले होते. मी त्याला अंदाजाचा फोटो पाठवला आणि जेवायला गेलो. अंधार पडेपर्यंत आवार खच्चून भरलं. ट्रक अक्षरशः कुंपणाला चिकटून उभे होते आणि पुढे रॉलिन्सला महामार्गाचं फाटक बंद झाल्याची बातमी आली.

सकाळी फाटक उघडलं. एल्क माउंटनच्या पायथ्याशी दोन ट्रेलर दुभाजकात आडवे पडलेले दिसले. एकाच्या छपराचा पत्रा वाऱ्याने अजून फडफडत होता. गाड्यांपाशी कोणी नव्हतं. माणसं सुखरूप असावीत, एवढं मनाशी म्हणत मी पुढे गेलो. मग शर्मन समिट, ८,६४० फूट, आय-८० वरची सर्वांत उंच जागा. तिथून पूर्वेला रस्ता उतरतच जातो.

नेब्रास्का सरळ आणि लांबलचक. नॉर्थ प्लॅटला झोपलो. पुढचा मुक्काम आयोवातल्या वॉलकॉटच्या ट्रक स्टॉपवर. १९६४ सालापासून चालू असलेला हा ट्रक स्टॉप स्वतःला जगातला सर्वांत मोठा म्हणवतो आणि तिथे नऊशेच्या आसपास ट्रक उभे राहतात, म्हणूनच तो निवडला होता. इलिनॉय, इंडियाना, ओहायो झपाट्याने मागे पडले. पेनसिल्व्हेनियात मात्र ३११ मैल डोंगरच डोंगर.

पूर्वेला जाताना तीन तास हरवतात, पण ट्रकमधलं तासांची नोंद ठेवणारं लॉगचं यंत्र आमच्या कंपनीच्या घरच्या, म्हणजे पश्चिम किनाऱ्याच्या, वेळेवरच चालतं. म्हणून आखणीत दोन्ही वेळा शेजारी-शेजारी लिहिलेल्या असतात. सोमवारी दुपारी गोदामाच्या आवारात गाडी लावली. मंगळवारी सकाळी सातला दरवाजाशी लागलो तेव्हा यंत्रात पहाटेचे चार होते आणि सत्तरातले अकरा तास उरले होते. गोदामातल्या बाईंनी कागदावरचा सीलचा नंबर ट्रेलरच्या सीलशी ताडून पाहिला आणि कटरने ते तोडलं.