दुसऱ्या सेटचं हसू

काल रात्री जॅझ ऐकायला गेले होते, तेव्हापासून तिथल्या बेसवाल्याचं, म्हणजे खर्जाचं मोठं तंतुवाद्य वाजवणाऱ्याचं, हसू मनातून जात नाही. तसं फार काही नव्हतं. त्याने चमकून वर पाहिलं, ओठांचा एक कोपरा हलला, मान किंचित डोलली. पण ते दोनदा झालं, आणि दोन्ही वेळा अगदी त्याच ठिकाणी झालं.

व्हिलेज व्हॅनगार्ड हा न्यूयॉर्कमधला जॅझ क्लब. सेव्हन्थ अव्हेन्यूवरच्या लाल दारातून आत शिरायचं आणि पंधरा पायऱ्या उतरून तळघरात जायचं. १९३५ पासून हीच जागा. सव्वाशेच्या आतच माणसं मावतात. खोली पुढे निमुळती होत जाते आणि त्या टोकाला स्टेज. वादक जुन्या स्वयंपाकघरातून बाहेर येतात आणि आपल्याच टेबलांमधून वाट काढत वर चढतात. मधेच जमिनीखालून सबवे जाते, ती ऐकू येते. मला ते सगळं फार आवडतं. आठचा आणि दहाचा अशा दोन्ही सेटची, म्हणजे रात्रीच्या दोन्ही खेळांची, तिकिटं काढलेली होती. दोघांची. ते असो.

पहिल्या सेटमध्ये त्यांनी एक जुनं गाणं घेतलं, ब्रॉडवेच्या जुन्या संगीत नाटकांच्या काळातलं, ३२ बारचं. बार म्हणजे ठेक्याचं एक छोटं माप. आठ-आठ बारचे चार तुकडे, त्यातला तिसरा वेगळा, ज्याला ब्रिज म्हणतात. गाणं वाजवून झालं की त्याच ३२ बारची आवर्तनं चालू राहतात आणि पियानोवाला त्यावर हवं ते बांधत जातो. तिसऱ्या की चौथ्या आवर्तनात ब्रिज संपता संपता पियानो थांबला. दोन बार काहीच नाही. फक्त झांज बारीक चालू. मग एकट्या डाव्या हाताने, खाली खर्जात, चार सुरांची एक जागा घेतली आणि शेवटचा सूर असा ठेवला की तो त्या कॉर्डचा, म्हणजे तिथे एकत्र वाजायच्या सुरांच्या जुडग्याचा, नव्हताच. बेसवाल्याने चमकून वर पाहिलं, हसला, आणि स्वतःचा सूर अर्ध्या पट्टीने खाली ओढून त्याच्याखाली नेऊन ठेवला. परका वाटणारा सूर एका क्षणात बसला.

माझ्या तोंडून ‘क्या बात है’ निघून गेलं. तिथे वाजवणं चालू असताना बोलायचं नसतं, फोनही काढायचा नसतो. पण पुढच्या टेबलावरची बाई नुसती वळून हसली, तिलाही ते पोचलं होतं.

दुसऱ्या सेटला तेच गाणं पुन्हा आलं. मला आनंदच झाला, आता काय करतो बघू म्हणून सरसावून बसले. ब्रिज संपत आला. पियानो थांबला. दोन बार. डावा हात. तेच चार सूर. आणि बेसवाल्याने चमकून वर पाहिलं, हसला, सूर खाली ओढला. शेजारी नवीन आलेला माणूस ‘येस!’ म्हणाला. अगदी मी म्हणाले होते तिथेच.

रडू यायचं तेवढं बाकी होतं. मला वाटलं होतं की एक गोष्ट माझ्यासमोर जन्माला आली. त्या वेळी त्या खोलीत असलेल्यांचीच ती होती, आणि मी त्यांच्यातली होते. आता ती दहाच्या लोकांनाही मिळाली, कदाचित बुधवारच्या लोकांनाही मिळाली असेल. आठचे बाकीचे लोक आपापला आनंद अखंड घेऊन घरी गेले. जी थांबली तिचाच मोडला. थांबणाऱ्याच्याच वाट्याला हे का यावं? घरी परतताना पाथ ट्रेनमध्ये पूर्ण वेळ हेच. जर्सी सिटीला उतरले तरी हेच.

आज सकाळपासून १९६१ ची ती ध्वनिमुद्रणं लावून बसले आहे. २५ जून, रविवार, हेच तळघर. बिल एव्हान्स पियानोवर, स्कॉट लाफारो बेसवर, पॉल मोशन ड्रम्सवर. दुपारी दोन सेट, रात्री तीन. सगळं मुद्रित झालेलं असल्यामुळे एकाच दिवसात तेच गाणं पुन्हा पुन्हा ऐकता येतं. ‘ऑल ऑफ यू’ तीनदा आहे. ‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ दोनदा आहे. ‘ग्लोरियाज स्टेप’ही तीनदा, पण त्यातलं पहिलं वीज गेल्यामुळे मधे तुटतं. त्यानंतर अकरा दिवसांनी लाफारो मोटार अपघातात गेला, पंचविसाव्या वर्षी. म्हणून ती ध्वनिमुद्रणं लावताना माझा हात नेहमीच थोडा जपून चालतो.

‘वॉल्ट्झ फॉर डेबी’ दोन्ही वेळा तीनच्या ठेक्यात सुरू होतं आणि सोलो येतो तेव्हा चारमध्ये जातं. ते ठरलेलंच आहे, हे मला आधीही माहीत होतं आणि कधी खुपलं नव्हतं. सॅक्सोफोनवाल्या चार्ली पार्करचंही तेच. एकाच दिवशी एकाच गाण्याचे तीन-चार टेक ऐकले तर सोलो दर वेळी निराळा, पण त्याच्या हातातले छोटे छोटे तुकडे पुन्हा पुन्हा भेटतात. इतक्या वेगात माणूस दुसरं काय करणार? हे सगळं कळतं. मग काल एवढं का लागलं?

बुवा यमन गायचे तेव्हा तार षड्जाच्या अगदी जवळ जाऊन निषादावर थांबायचे. इतका वेळ थांबायचे की बैठकीतली माणसं श्वास घ्यायची विसरायची. दर बैठकीला. आम्ही त्या जागेची वाट बघत बसायचो, आणि ती आली नसती तर खट्टू होऊन घरी गेलो असतो. तिथे मला कुणी फसवलं असं कधी वाटलं नाही. तिथे येणारं काय आहे ते आम्हाला ठाऊक होतं. काल मला ठाऊक नव्हतं, एवढाच फरक असेल तर मग गुन्हा पियानोवाल्याचा नाही.

हे लिहिता लिहिता दुसऱ्या सेटमधलं पुढचं आठवायला लागलं आहे. पहिल्या वेळी त्या जागेनंतर तिघेही धावत सुटले होते. दुसऱ्या वेळी बेसवाला खाली ओढलेल्या त्या सुरावरून हललाच नाही. वर कॉर्ड बदलत गेले आणि तो तोच एक सूर वाजवत राहिला, आठ बार, सोळा बार. ड्रमवाल्याने काठ्या ठेवून ब्रश घेतले, हलक्या आवाजासाठी वापरतात ते. शेवट इतका संथ झाला की टाळ्या उशिरा आल्या. म्हणजे जागा तीच होती, पण तिच्यानंतरचं गाणं तेच राहिलं नाही. दहाच्या लोकांना जे मिळालं ते आठच्यांना मिळालं नव्हतं. मला दोन्ही मिळालं. काल हे सुचलं असतं तर ट्रेनमध्ये बरी गेले असते.

दुपारी दादाला फोन केला, तिकडे रात्र झाली होती. एवढी वर्षं बुवांची साथ केलेला माणूस, त्यालाच विचारायला हवं होतं. तो म्हणाला, ‘‘सापडलेली चांगली जागा कोण टाकून देतं? मी पण दर वेळी हसायचो त्या निषादावर. खोटं नव्हतं ते. येणार हे माहीत असायचं म्हणून तर हसू यायचं.’’

हसणं मला पटलं. म्हटलं, ‘‘दादा, पण हा चमकला रे. दोन्ही वेळा चमकला. तू चमकायचास का?’’

तो जरा थांबला. ‘‘कधी कधी,’’ म्हणाला. मग आईच्या रिपोर्टांचं निघालं.

मंगळवार ते रविवार एकच बँड असतो तिथे, सोमवार १९६६ पासून तिथल्या बिग बँडचा. म्हणजे हे तिघे अजून दोन रात्री आहेत. रविवारी आठचं एक तिकीट शिल्लक दिसत होतं, ते आत्ताच घेतलं. एकच. ते गाणं वाजवलंच तर ब्रिजच्या शेवटी मी बेसवाल्याकडे बघणार नाही. ड्रमवाल्याकडे बघेन. त्याने दोन्ही वेळा मान वर केली नव्हती, आणि ब्रश मात्र दुसऱ्याच वेळी उचलले.