आत्याला दिसणारी मुले
आज रामबागेतल्या आत्याला नेत्रतज्ज्ञांकडे नेले होते. दृष्टिपटलाच्या मध्यभागाची झीज झाल्याने तिला समोरच्याचा चेहराही नीट दिसत नाही. तरी गेले काही आठवडे संध्याकाळी ओसरीवर जरीच्या टोप्या घातलेली वीतभर उंचीची मुले तिला अगदी स्पष्ट दिसतात, आणि लोक आपल्याला वेडे ठरवतील या भीतीने तिने हे घरात कुणालाच सांगितले नव्हते. याला ‘शार्ल बॉने सिंड्रोम’ म्हणतात: डोळ्यांकडून येणारे संकेत कमी झाले, की मेंदूचा दृष्टीशी संबंधित भाग स्वतःच चित्रे रचू लागतो. बॉने या स्विस निसर्गशास्त्रज्ञाने १७६० मध्ये मोतीबिंदू झालेल्या आपल्या आजोबांचे असेच अनुभव नोंदवले होते. दिवा लावला किंवा नजर झरझर इकडेतिकडे फिरवली, तर चित्र पुष्कळदा विरते. रिक्षात आत्या हळूच म्हणाली, “टोप्या मात्र सुरेख असतात हं.”