दोन सीटांची हौस

पन्नाशी जवळ आली की रात्री जेवणं उरकल्यावर काही माणसं फोन घेऊन कोपऱ्यात बसतात. घरच्यांना वाटतं, ऑफिसचे मेल बघतायत. प्रत्यक्षात स्क्रीनवर असते एक जुनी, दोन दारांची, दोन सीटांची, उघड्या टपाची गाडी. बहुतेक वेळा लालच. मुलं मार्गाला लागलेली, घराचे हप्ते संपत आलेले, हाताशी थोडे पैसे. मग अडचण कसली? अडचण एवढीच की ही गाडी पसंत केलेली असते सोळाव्या वर्षी, नुसत्या डोळ्यांनी. आणि विकत घ्यायची असते पन्नासाव्या वर्षी, तेही गुडघे, कंबर, नाक, कान अशा सगळ्यांची संमती घेऊन.

पहिला मान गुडघ्यांचा. स्पोर्ट्स कारची सीट जमिनीपासून जेमतेम वर असते. आधी एक पाय आत टाकायला गेलं की माणूस मधेच अडकतो, ना आत ना बाहेर. खरी रीत अशी की गाडीकडे पाठ करायची, आधी बूड टेकवायचं आणि मग दोन्ही पाय एकदम उचलून आत घ्यायचे. ही कसरत टप लावलेला असताना करून बघावी. उघड्या गाडीत काय, कुणीही बसतं. आत गेल्यावर पायांकडे लक्ष द्या. पेडल इतकी जवळजवळ असतात की रुंद बुटाखाली ब्रेकबरोबर ॲक्सिलरेटरही दाबला जातो. पॉवर स्टिअरिंग नसतं, त्यामुळे पार्किंग करताना खांद्याला घाम फुटतो. निदान तासभर चालवल्याशिवाय होकार देऊ नये. पहिली दहा मिनिटं आनंदाच्या भरात कंबर गप्प बसते, बोलते ती नंतर.

म्हणूनच एकाच मॉडेलमधली वर्षं बारकाईनं बघावीत. जॅग्वार ई-टाइप १९६१ साली आली. अगदी सुरुवातीच्या गाड्यांची पुढची जमीन सपाट होती, त्यामुळे उंच माणसाचे गुडघे स्टिअरिंगला लागायचे. १९६२ मध्ये कंपनीनं टाचांसाठी खोलगट जागा करून दिली. संग्राहक आज त्या सपाट जमिनीच्या गाड्यांसाठी जास्त पैसे मोजतात. मोजोत बापडे. पन्नाशीच्या शरीराला १९६४ च्या अखेरीस आलेली ४.२ लिटरची गाडी मानवते. सीट बऱ्या, ब्रेक बरे, आणि गिअरबॉक्स पहिल्या गिअरलाही सिंक्रोमेश, म्हणजे गिअर न खरखरता पडावा म्हणून असलेली यंत्रणा, असलेला. एमजीबी या ब्रिटिश उघड्या गाडीचंही तसंच. ही गाडी १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं निघाली, पण पहिल्या गिअरला सिंक्रोमेश मिळाला १९६७ च्या अखेरीस. त्याआधीची घेतलीत तर गाडी पूर्ण थांबेपर्यंत पहिला गिअर खरखर करतच पडेल. ओव्हरड्राइव्ह, म्हणजे सर्वांत वरच्या गिअरच्याही वरचा जादा टप्पा, असलेली मिळाली तर तीच घ्यावी. ताशी १०० किलोमीटरला इंजिनाच्या फेऱ्या मिनिटाला साधारण ३५०० वरून २८०० वर येतात आणि शेजारी बसलेल्या माणसाशी न ओरडता बोलता येतं.

आता पत्रा. नवखा माणूस बॉनेट उघडतो आणि जाणकार आधी गाडीखाली शिरतो, तो याच कारणानं. इंजिन बिघडलं तर उतरवता येतं, दोन महिन्यांत करून परत बसवता येतं आणि खर्च किती हे आधी सांगता येतं. पत्रा कुजला असेल तर कुणीच आकडा सांगू शकत नाही, कारण कापत गेल्याशिवाय किती कुजलाय ते कळत नाही. हौसेला मोल नसतं म्हणतात. गंजाला मात्र असतं, आणि ते दर पॅनलमागे वाढत जातं.

उघड्या गाडीत हा प्रश्न आणखी जिवावरचा. बंद गाडीत छप्पर थोडा भार उचलतं. उघड्या गाडीत छप्परच नाही, म्हणून सगळी ताकद दाराखालच्या पोकळ पेटीत, म्हणजे सिलमध्ये असते. एमजीबीची सिल एका पत्र्याची नसते. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि मधे उभा पडदा, असे थर असतात. बाहेरचा पत्रा नवा लावून चकाचक रंगवला आणि आतला पडदा तसाच कुजका ठेवला, तर बघणाऱ्याला काही कळत नाही. कळायचा मार्ग एकच. दार आणि मागच्या पॅनलमधली फट नीट बघून ठेवायची, मग सिलखालच्या जॅकच्या जागी जॅक लावून ती बाजू उचलायची. फट बदलली, दार उघडताना घासायला लागलं, तर सिल गेली. उचलताना जॅकखालून करकर आवाज आला तर जॅक उतरवायचा, आभार मानायचे आणि चहाला न थांबता निघायचं.

पुट्टी शोधायला लहानसं चुंबक मऊ फडक्यात गुंडाळून चाकांच्या कमानी, दारांच्या खालच्या कडा आणि फेंडरच्या खालच्या कोपऱ्यांवरून फिरवावं. जिथे ओढ कमी लागते तिथे पत्र्याऐवजी दुसरंच काही आहे. रंगाची जाडी मोजायचं यंत्र मिळालं तर फारच उत्तम. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन, पुन्हा रंगवलेला २०० ते ३००. आकडा ५०० च्या पुढे गेला की खाली पुट्टी धरून चाला. अर्थात शेव्हरोले कॉर्व्हेट किंवा लोटस एलान बघायला गेलात तर चुंबक कुठेच चिकटणार नाही. घाबरू नका, त्या फायबरग्लासच्या आहेत. पण त्यांच्या आतला लोखंडी सांगाडा गंजतो, आणि तो बघायला चुंबक नाही, टॉर्च लागतो.

मज्दा एमएक्स-५ ही १९८९ ची गाडी. आता तीही जुन्यांच्या पंक्तीत बसली. इंजिन अतिशय गुणी. मरते ती पाण्यानं. टपावरचं पाणी सीटमागच्या भोकांतून खाली जायला हवं. पालापाचोळ्यानं ती भोकं तुंबली की पाणी सिलमध्ये साठतं आणि मागच्या चाकाच्या पुढचा भाग आतून बाहेर कुजत येतो. विकणाऱ्याची परवानगी घेऊन त्या भोकात पेलाभर पाणी सावकाश ओतावं. गाडीखाली धार दिसली तर ठीक. दिसली नाही तर ते पाणी कुठे गेलं याचा विचार करावा.

पोर्शेनं १९७६ च्या मॉडेलपासून ९११ ला जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरला, म्हणून त्यानंतरच्या गाड्या पत्र्याच्या बाबतीत बऱ्या निघतात. तिथे खिसा रिकामा होतो तो इंजिनात. १९७४ ते १९७७ च्या २.७ लिटर इंजिनाचा खालचा भाग मॅग्नेशियमचा आहे. तापून तापून त्यातून हेडचे स्टड, म्हणजे हेड आवळून धरणारे लांब बोल्ट, आट्यांसकट उपटून येतात. १९८४ च्या आधीच्या इंजिनांत टायमिंग चेन ताणून धरणारे टेन्शनर दगा देतात. सुधारलेले, तेलाच्या दाबावर चालणारे बसवले आहेत का ते विचारावं. एक छोटी गंमत म्हणजे, या गाडीचं इंजिन ऑइल इंजिन गरम असताना, चालू ठेवून आणि सपाट जागेवरच मोजायचं असतं. बंद करून मोजलं की कमी वाटतं, माणूस वरून ओततो आणि मग जास्तीचं तेल एअर फिल्टरमध्ये शिरून गाडी धूर ओकते. निळ्या धुराची ९११ स्वस्तात मिळाली आणि दोष फक्त एवढाच निघाला, असं भाग्य क्वचित कुणाला लाभतं. त्यावर विसंबू नये.

इंजिन तपासायचं तर गाडी थंड हवी. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवावं की आम्ही येण्यापूर्वी चालू करू नका, आणि पोचल्यावर बॉनेटवर हात ठेवून बघावा. कोमट लागला तर काहीतरी लपवलंय. सुरू होतानाचा धूर, चोक काढल्यावरचा आवाज, ऑइलचा दाब चढायला लागलेला वेळ, ही सगळी माहिती पहिल्या मिनिटातच मिळते आणि नंतर पुन्हा मिळत नाही. उतारावर ॲक्सिलरेटर सोडून खाली जाऊन मग पुन्हा रेस दिल्यावर निळा लोट आला तर व्हॉल्व्हचे गाइड गेले. जोर लावताना सतत निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा. इंजिन गरम झाल्यावरही गोडसर वासाची पांढरी वाफ येतच राहिली तर हेड गॅस्केट. नाक इथे डोळ्यांपेक्षा कामाचं. कार्पेट उचलून वास घ्यावा; कुबट वास आला तर वर पाणी गळतंय आणि खाली पत्रा कुजतोय.

कॉम्प्रेशन, म्हणजे सिलेंडरमधला दाब, मोजताना इंजिन गरम हवं, सगळे प्लग काढलेले हवेत आणि ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबलेला. आकडा किती आला यापेक्षा सिलेंडरा-सिलेंडरांत फरक किती हे महत्त्वाचं; दहा टक्क्यांच्या आत असेल तर निश्चिंत. एखादा कमी आला तर त्यात चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजावं. आकडा वाढला तर रिंगा झिजल्या, जिथल्या तिथे राहिला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट.

ट्रायम्फच्या गाड्या, त्यातही स्पिटफायर, बघताना दोन गोष्टी विसरू नयेत. एक, कुणाला तरी क्लच दाबायला सांगून आपण पुढच्या पुलीकडे बघावं. क्लच दाबताच पुली डोळ्यांना दिसेल एवढी पुढे सरकली तर क्रँकचे थ्रस्ट वॉशर, म्हणजे त्याला पुढेमागे सरकू न देणाऱ्या चकत्या, संपले. ते निसटून खाली पडले असतील तर ब्लॉकच निकामी होऊ शकतो. दोन, पुढच्या चाकाजवळची पितळी ट्रनियन, म्हणजे चाकाचा उभा दांडा ज्यात आट्यांवर फिरतो तो तुकडा. तिच्यात घालायचं असतं ईपी-९०, म्हणजे गिअरबॉक्सचं घट्ट ऑइल. ग्रीसचा निपल दिसतो म्हणून पिढ्यान्‌पिढ्या मेकॅनिक ग्रीस मारत आले. ग्रीस आट्यांपर्यंत पोचत नाही, आत पाणी बसतं, उभा दांडा गंजतो आणि एके दिवशी वळणावर मोडून चाक आडवं होतं. विकणाऱ्याला सहज विचारावं, ‘ट्रनियनला काय घालता?’ उत्तर ‘ग्रीस’ असेल तर बाकीच्या देखभालीचाही अंदाज येतो.

तारांची चाकं दिसायला देखणी, पण जॅकवर घेऊन, ब्रेक दाबून धरायला लावून चाक मागेपुढे हलवावं. खट्ट वाजलं तर आतले दाते झिजले. चाक आणि हब दोन्ही बदलायचे. पान्यानं एकेका तारेवर हलकं टिचकारावं. घट्ट तार खणखणते, ढिली नुसती थपथपते. टायरवर ठसे कितीही खोल असोत, त्याच्या बाजूवरचे डॉट कोडचे शेवटचे चार आकडे वाचा. २३१४ म्हणजे २०१४ चा तेविसावा आठवडा. दहा वर्षांपुढचा टायर, नवा कोरा दिसला तरी, फेकायचाच. आणि वर्षानुवर्षं उभी असलेली ‘फक्त इतके किलोमीटर चाललेली’ गाडी बघून पाघळू नये. उभ्या गाडीत ब्रेकचे कॅलिपर अडकतात, रबरी होज आतून फुगतात, टाकीत गंज धरतो. नियमित चालणारी, बिलांची जाड फाइल असलेली, दोन-चार ओरखड्यांची गाडी कधीही बरी.

गाडी आपली झाली की किमतीचा पाव भाग बाजूला ठेवलेला असावा. हा आपला अनुभवी लोकांचा ठोकताळा, पण उपयोगी. पहिल्याच महिन्यात सगळी तेलं, कूलंट, ब्रेक ऑइल, पट्टे आणि सगळे पेट्रोलचे होज बदलावेत. जुनं रबर इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमध्ये चिरतं, आणि गरम एक्झॉस्टच्या वर पेट्रोल ठिबकायला लागलं तर गाडी आणि हौस एकदमच संपते. इंजिन ऑइल २०डब्ल्यू-५०, त्यात जस्ताचं प्रमाण चांगलं असलेलं. जुन्या कॅमशाफ्टला आधुनिक पातळ तेल मानवत नाही. १९६७ च्या अखेरीपर्यंतच्या एमजीबीला बॅटरीचं धन टोक बॉडीला जोडलेलं असतं. सवयीनं उलटी जोडणी करू नका.

राहता राहिला कान, आणि त्याचा दिवस येतो दोन एसयू कार्बुरेटर (जुन्या ब्रिटिश गाड्यांत हवा-पेट्रोलचं मिश्रण करणारे) जुळवताना. आधी एअर फिल्टर काढायचे. वरच्या पितळी टोपीखाली डॅम्परमध्ये तेल आहे का बघायचं. पिस्टन बोटानं पूर्ण उचलून सोडला की टक्‌ करून खाली बसायला हवा. रेंगाळला तर सुई घासतेय. मग इंजिन गरम करून रबराची हातभर नळी घ्यायची, एक टोक कानाला आणि दुसरं आळीपाळीनं दोन्ही कार्बुरेटरच्या तोंडाशी. दोन्हीकडचा सूंसूं आवाज एकसारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचे. नंतर मिश्रण: पिस्टन जेमतेम एक मिलिमीटर उचलायचा. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला तर पेट्रोल जास्त, इंजिन बसायला लागलं तर कमी, क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाला तर बरोबर. ठिणगीची वेळ सांभाळणाऱ्या पॉइंटचा ०.३५ ते ०.४० मिलिमीटरचा गॅप मात्र चाळिशी लावल्याशिवाय दिसणार नाही, ती खिशात ठेवा. आणि तो गॅप कार्बुरेटरला हात लावायच्या आधी बघून घ्या, नाहीतर नळी पुन्हा कानाला लावावी लागेल.