रोहिणी ते मृग, सोलापुरातला पंधरवडा

मे संपत आला की जो तो विचारतो, सुट्टीत कुठं निघालात, महाबळेश्वर का कोकण. मी कुठंच जात नाही. 25 मेच्या आसपास रोहिणी नक्षत्र लागतं आणि 7-8 जूनला मृग, हे मधले दिवस मला सोलापूर सोडवत नाही. पारा बेचाळीस-त्रेचाळीसला असतो, मान्य, पण दिवस थोडा उलटा लावला, म्हणजे पहाट आणि संध्याकाळ बाहेर, दुपार पुस्तकात आणि जेवण एकदम साधं, की हाच उन्हाळा लई आवडायला लागतो.

साडेपाचला फटफटलं की सायकल काढायची आणि तुळजापूर रोडनं हिप्परग्याला. तिथला तलाव म्हणजे आपला एकरुख तलाव, 1871 ला बांधून झालेला. या दिवसांत पाणी आत आत गेलेलं असतं, काठाची माती हात जाईल एवढी भेगाळलेली, आणि उथळ पाण्यात लाल लांब पायांचे शेकाटे फिरत असतात, टिटव्या डोक्यावर ओरडत असतात. पावशाचं "पेर्ते व्हा" सुरू होतं ते याच सुमाराला. आजूबाजूची रानं नांगरून तापत पडलेली असतात आणि आदल्या संध्याकाळी वळीव येऊन गेला असेल तर त्या रस्त्याला जो वास सुटतो, त्यासाठी तरी एकदा जाच.

सायकल नसेल तर संभाजी तलावाला चक्कर मारा किंवा गच्चीवर सूर्यनमस्कार घाला. पण आठच्या आत घरी पाहिजे. आपल्याकडची हवा कोरडी, घाम आल्या आल्या उडून जातो, त्यामुळं अंगातलं पाणी किती गेलं ते कळतच नाही, म्हणून तहान लागायची वाट न बघता निघायच्या आधीच पाणी प्यायचं आणि आल्यावर मीठ घातलेलं ताक.

आणि मग अंबील! रात्री ज्वारीचं पीठ ताकात भिजवून ठेवायचं, सकाळी पाण्यात शिजवायचं, लसूण-जिरं ठेचून घालायचं, मीठ, आणि गार झाल्यावर वरून परत ताक. आई अजून मातीच्या गाडग्यात ठेवते, फ्रिजमधल्यापेक्षा ते गार मला जास्त आवडतं. ज्वारी रब्बीची, फेब्रुवारी-मार्चला निघालेली, म्हणजे उन्हाळ्यात घरात नवीच असते, आणि मंगळवेढ्याची मिळाली तर विचारायलाच नको (तिला 2016 मध्ये जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय ते उगाच नाही). दुपारी कडक भाकरी, तेल सुटेपर्यंत कुटलेली शेंगाची चटणी, दही, फोडलेला कांदा. या उन्हात मसाल्याचं कालवण करून गॅससमोर उभं राहायची काहीच गरज नाही, आणि जी बाई स्वयंपाक करते तिलाही दुपार मिळाली पाहिजे असं मला मनापासून वाटतं.

बारा ते चार वाचन. खिडकीला वाळ्याचा पडदा, त्यावर पाणी मारलेलं. यंदा मी सोलापुरातल्या 1930 च्या मार्शल लॉबद्दल, म्हणजे लष्करी कायद्याबद्दल, मिळेल ते वाचतोय. गांधीजींना 5 मेला अटक झाली, बातमी आल्यावर गिरण्या बंद पडल्या, लोक रस्त्यावर आले, गोळीबार झाला आणि नंतर काही दिवस शहरात इंग्रजांचा अंमलच उरला नव्हता, मग मार्शल लॉ लागला. शाळेत हे शिकलो होतो पण हे सगळं मे महिन्यात घडलं ते कधी डोक्यातच आलं नव्हतं. याच उन्हात माणसं पायी मोर्चे काढत होती! बाहेर डांबर तापलेलं असताना ते वाचणं वेगळंच.

त्यामुळं संध्याकाळचं फिरणंही बदललंय. आधी पार्कच्या मैदानाला नुसत्या फेऱ्या मारायचो, आता त्याच आंदोलनातल्या चार हुतात्म्यांच्या पुतळ्यांपाशी थांबतो. मल्लप्पा धनशेट्टी, किसन सारडा, जगन्नाथ शिंदे, कुर्बान हुसेन. 12 जानेवारी 1931 ला येरवड्यात फाशी. शेजारची पोरं क्रिकेट खेळून परत जाताना भेटतात, परवा एकानं "काका, हे चौघं कोण" म्हणून विचारलं, तर तिथंच कट्ट्यावर बसून त्याला सगळं सांगितलं, तो ऐकत राहिला. आता रविवारी त्याला आणि त्याच्या मित्रांना सकाळी हिप्परग्याला घेऊन जायचं ठरलंय, अंबीलचा डबा आमच्या घरून.